शेळीला दोन दाब

मित्रांनो, पिचकारी म्हटले की तुम्हाला रंगपंचमी आठवते आणि तिथेच माझे डोके फिरते. मी जुनी आहे, पितळेची आहे, पण रंगाचा एक थेंबसुद्धा माझ्या पोटात कधी गेलेला नाही. मी जनावरांना औषध पाजायची पिचकारी आहे. माझे सगळे आयुष्य शेळ्यांच्या आणि मेंढ्यांच्या तोंडात गेले. त्यांच्या दाढांचे ओरखडे अजून माझ्या नळीवर आहेत. माझ्या दांड्यावर मात्र दोन रेघा आहेत, त्या दाढांच्या नाहीत. त्या एका बाईने खिळ्याने ओढल्या. का ओढल्या, ते मी तुम्हाला सांगणार आहे, कारण ज्यांनी ऐकायला हवे त्यांना ऐकायला वेळ नाही.

माझा जन्म औरंगाबादच्या रेल्वे स्टेशनाजवळ एका छोट्या कारखान्यात झाला. आता त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. फकिरा नावाच्या मिस्त्रीने मला लेथवर कातले, आत चामड्याचा वायसर बसवला, पुढे लांब वाकडी नळी लावली आणि मागे दांडा. हा मिस्त्री भलताच कटकट्या होता. एखादी पिचकारी जरा चुकली की ती भंगारात फेकायचा. मला त्याने पाण्याने भरून काचेच्या मापात दहा वेळा दाबले. दहाही वेळा एका दाबात बरोबर दहा मिली पाणी पडले. माप कमीजास्त करायचा स्क्रू महागड्या पिचकाऱ्यांना असतो, मला तो नव्हता. मला एकच माप ठाऊक होते. फकिरा शेजारच्या कामगाराला म्हणाला, "हिच्याकडं लाडका-दोडका कुणी नाय. समद्यांना सारखं."

ती माझी पहिली शाबासकी. मी ती जन्मभर मिरवली, आणि तीच पुढे माझ्या अंगाशी आली.

शहागंजातल्या एका दुकानातून मला मल्हाररावांनी विकत घेतले. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे १९४८ ला, आपण मेंढरांच्या वाघरात जन्मलो, असे ते सांगायचे. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायचे जाळ्याचे कुंपण. त्या हिशेबाने मी त्यांच्याकडे आले तेव्हा ते चाळिशीचे होते. पडेगावच्या पलीकडे, दौलताबादच्या रस्त्याला माळावर त्यांचा मुक्काम असायचा. पाच घरांची माणसे, मेंढ्या, शेळ्या, दोन घोडी आणि कुत्री, असे सगळे मिळून ते 'वाडा' म्हणत. पावसाळाभर वाडा माळावर राही. दसरा झाला की उठे आणि गोदाकाठाकडे निघे. तिकडचे शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत आणि त्या बदल्यात धान्य देत. एकट्या माणसाला हा प्रवास जमत नाही. वाड्याबरोबर गेले तरच जनावरे जगतात आणि माणसेही.

मी येण्याआधी ही मंडळी सोड्याच्या बाटलीने औषध पाजत. निम्मे औषध जमिनीवर सांडायचे आणि कधी कधी श्वासनळीत जाऊन मेंढी ठसकून मरायची. मल्हाररावांनी मला आक्काबाईच्या हातात दिले. आक्काबाई ही त्यांच्या धाकट्या भावाची बायको. अंगावर वीज पडून नवरा गेला, तेव्हापासून ती वाड्याच्या आधाराने राहत होती. तीन शेळ्या एवढीच तिची इस्टेट.

पण हात काय होता त्या बाईचा. ती जनावराची हनुवटी अलगद उचलायची, जबड्याच्या कोपऱ्यात जिथे दात नसतात तिथून मला आत सरकवायची, जिभेवरून मागे न्यायची आणि हळू दाबायची. जनावराने घोट गिळला की मगच बाहेर काढायची. पाजून झाले की कपाळावर गेरूचा टिळा लावायची, म्हणजे तेच जनावर पुन्हा पुढे यायला नको. काम संपले की गरम पाण्याने मला धुवायची आणि वायसरला गोडे तेल लावायची. सगळा वाडा म्हणायचा की पिचकारी आक्काबाईचीच. मला ते ऐकून फार बरे वाटायचे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वाड्यात मेंढ्या पुरुषांच्या आणि शेळ्या बायकांच्या, अशी रीत होती. मेंढ्या मल्हाररावांच्या आणि इतर गड्यांच्या. शेळीचे दूध, तिची करडे यांवर मात्र फक्त बाईचा हक्क, त्यात नवऱ्यालाही बोलता येत नसे. एवढी वेगळी मालकी, पण बोलताना सगळे एका दमात 'शेळ्यामेंढ्या' म्हणत. औषधाच्या बाटलीवरही तसेच छापलेले होते. जनावरांच्या दवाखान्यातले बद्रीनाथ डॉक्टर बाटली देताना तसेच सांगत, शेळ्यामेंढ्यांना एक दाब. मीही तेच खरे मानून चालले होते. आम्हा सगळ्यांनाच तो एकच प्राणी वाटत होता की काय, देव जाणे.

एका वर्षी पोळा झाल्यावर जंताचे औषध पाजायचे ठरले. पांढरे, घट्टसर औषध होते. झिमझिम पाऊस लागला होता. आधी मेंढ्या झाल्या, मग शेळ्यांना वाघरात घेतले. आक्काबाईची चंद्री नावाची शेळी होती, कपाळावर पांढरा चांद असलेली आणि भारी आगाऊ. ती सगळ्यात पुढे घुसली. तिला पाजले, टिळा लावला, बाहेर सोडले. बाहेर जाऊन तिने खुंटाला कपाळ घासले, उरलेला टिळा पावसाने धुतला, आणि आत कडुलिंबाचा डहाळा टाकलेला दिसताच ही बया जाळ्यावरून उडी मारून परत आत आली. तेवढ्यात एका एडक्याने जाळे तोडले आणि आक्काबाईचे लक्ष तिकडे गेले. थोड्या वेळाने चंद्री पुन्हा पुढे आली. कपाळ कोरे दिसले. आक्काबाईने मला तिच्या तोंडात घातले.

मी तिला लगेच ओळखले. तिच्या उजव्या बाजूची एक दाढ तुटकी होती. मी मनात ओरडले की अगं, हिला दिले आहे, हिला नको. पण पिचकारीचे कोण ऐकतो. दाब बसला आणि दहा मिली पुन्हा तिच्या पोटात गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एकाला जास्त गेले होते. मला लाज वाटली आणि चंद्री आता मरणार अशी धास्तीही बसली.

संध्याकाळी धार काढताना आक्काबाईला चंद्रीच्या कानामागे गेरूचा जुना ओघळ दिसला आणि कपाळावर ताजा टिळा. तिचा हात थांबला. दोन दिवस ती चंद्रीवर डोळा ठेवून होती. चंद्रीला काहीच झाले नाही, उलट ती जास्तच उड्या मारू लागली. मग आक्काबाईने तो विषय मनातून काढून टाकला.

पितृपंधरवड्यात शेळ्या पडू लागल्या. आधी चालताना मागे राहायच्या, मग हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज यायची. डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आत रक्ताचा थेंब नाही, नुसती पांढरी. पोटातले जंत त्यांचे रक्त पीत होते. मल्हाररावांची बायको दगडाबाई, तिच्या पाच शेळ्यांतल्या चार गेल्या. इतर बायकांच्याही गेल्या. आक्काबाईच्या तिघींतली एक मेली आणि दुसरी आडवी पडली. मेंढ्या मात्र ठणठणीत होत्या. आणि चंद्री बाभळीच्या बुंध्यावर पुढचे पाय टेकवून पाला ओरबाडत होती.

बायकांनी चंद्रीकडे पाहिले आणि आपापसात काय ते समजून घेतले. आक्काबाईने दिरांच्या मेंढ्यांना पोटभर पाजले, आमच्या शेळ्यांना हात आखडला आणि उरलेले स्वतःच्या शेळीला दिले, असे बोलणे सुरू झाले. तिची स्वतःची एक शेळी मेली, ती मोजायची राहून गेली. दगडाबाई बोलायला फटकळ होती, पण त्या दिवशी ती ओरडली नाही. चार शेळ्या गेलेली बाई, तिचा आवाजच बसला होता. ती आक्काबाईला एवढेच म्हणाली, "आमच्या समद्या गेल्या आन् तुझी चंद्री नाचती. मी काय समजू, तूच सांग."

आक्काबाई तशीच आपल्या आडव्या पडलेल्या शेळीकडे गेली. तिला स्वतःलाच काही उमगत नव्हते.

दसऱ्यानंतर वाडा उठायचा, त्याला चार दिवस राहिले होते. मल्हाररावांनी सगळ्यांना बोलावले, घोंगडे अंथरले आणि त्यावर खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी ठेवली. भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द वाड्यात शेवटचा मानतात. त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडत नाही. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून मल्हारराव घोंगड्याकडे बघत म्हणाले, "आक्काबाईनं भंडारा उचलावा. समद्या जित्राबाला सारखं पाजलं म्हनावं. मंग कुनी काय बोलायचं नाय."

किती सोपी सुटका होती पाहा. चार शब्द बोलायचे होते. मल्हाररावांना तिला वाचवायचे होते, हे मला चांगले कळत होते. मी तिथेच तिच्या मांडीशेजारी पडले होते. आक्काबाईने हात पुढे केला, बोटे वाटीपर्यंत गेली, आणि तिला चंद्रीच्या कानामागचा गेरूचा ओघळ आठवला असणार. हात मागे आला.

"सारखं म्हनता येत नाय मला," ती म्हणाली.

संपले. कुणी कारण विचारले नाही. पुढे काही सांगायला तिने तोंड उघडले, तोवर बायका उठल्या होत्या. मल्हाररावांनी वाटी उचलून घेतली. मग त्यांनी सांगितले की वाडा सोमवारी उठेल आणि आक्काबाई मागे राहील. मागे म्हणजे कुठे, हे त्यांनाही माहीत नव्हते. माळावर एकटी बाई आणि दोन शेळ्या, त्यांतली एक मरणाच्या दारात.

मित्रांनो, त्या वेळी माझा जो संताप झाला तो मी अजून विसरले नाही. मला सगळे ठाऊक होते. कुणाला किती दिले, चंद्रीला कसे दोनदा गेले, बाकी एकीलाही कसा थेंब कमी गेला नाही, सगळे. आणि मला तोंड होते ते फक्त दुसऱ्याच्या तोंडात घालायचे. खरे बोलणारी बाई लबाड ठरली आणि मी पितळेचा ठोकळा होऊन पडून राहिले.

आक्काबाई रडत बसली नाही. कदाचित पिचकारीतच खोट असेल, असे तिच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पदरात बांधले, चंद्रीच्या गळ्यात दोरी घातली आणि दवाखान्याची वाट धरली. तिथे सांडू नावाचा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा मदतनीस होता. त्याने मला हातात घेऊन हलवले आणि वायसर गेला हिचा, असे न तपासताच जाहीर केले. मला त्याचे बोट चावायचे होते.

पण बद्रीनाथ डॉक्टर करमाडकडच्या शेतकरी घरातले, सावकाश माणूस. त्यांनी काचेचे उभे माप आणले, मला पाण्याने भरून दाबले, पुन्हा भरून दाबले. दहा दाब, बरोबर शंभर मिली. फकिरा मिस्त्रीची आठवण येऊन मला अगदी भरून आले. डॉक्टर म्हणाले, पिचकारीत काही खोट नाही. पण पिचकारी खरी निघाली म्हणजे दोष आक्काबाईवर येत होता. मग तिने सगळे सांगितले. पोळ्यानंतरचा पाऊस, एडक्याने तोडलेले जाळे, गेरूचे दोन टिळे आणि भंडारा.

डॉक्टरांनी चंद्रीची पापणी उलटी केली. आत लालबुंद. ते उठले, कपाटातून एक निळी वही काढली आणि एक पान उघडून त्याकडे बघत राहिले. दोन वर्षांपूर्वी ते एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथे एका प्राध्यापकांनी हीच गोष्ट सांगितली होती, त्यांनी ती लिहूनही घेतली होती. परत आल्यावर वही कपाटात गेली आणि बाटलीवरचा कागद वाचून ते पूर्वीसारखेच सांगत राहिले.

मग त्यांनी आक्काबाईला समजावले, आणि मीही कान देऊन ऐकले. पोटात गेलेले औषध रक्तातून यकृतात जाते. यकृतात डोळ्यांना न दिसणारे कामकरी असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. औषध असो की विष, ते हाताशी आले की हे कामकरी त्याची मोडतोड करून ते बाहेर काढायच्या मागे लागतात. पण सगळ्या प्राण्यांत हे कामकरी सारखे नसतात. कुणात जास्त, कुणात कमी, कुणात एखाद्या कामाचा माणूसच नसतो. मेंढीचे कामकरी या औषधाच्या बाबतीत जरा सुस्त. त्यामुळे औषध तिच्या अंगात बराच वेळ राहते आणि तेवढ्यात जंत मरतात. शेळीचे कामकरी चपळ. जंत मरायच्या आतच ते औषधाचा फडशा पाडतात. बाटली संपते, जंत जिवंत राहतात. त्यातही जे औषध सोसून वाचले ते आणखी निबर होतात.

"मांजराचं तर ह्याच्या उलटं," डॉक्टर म्हणाले. "आमच्या आईनं, आशाबाईनं, मांजराला ताप आला म्हणून मायेनं अर्धी गोळी चारली. माणसाची तापाची गोळी. मांजराच्या यकृतात ती मोडायचं कामच धड होत नाय. सकाळपर्यंत मांजर गेलं. आई अजून म्हणती, मी तर औषध दिलतं."

आक्काबाईने चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती जे बोलली ते एखाद्या प्राध्यापकाने वहीत लिहून घ्यावे असे होते. "मेंढी खाली बघून गवत खाती आन् शेळी वर बघून पाला खाती. रुईला तोंड लावती, लिंब खाती, कडू-जहर कायबी खाऊन पचवती. आमी हे रोज बघतो, साहेब. मंग औषध बी तशीच पचवनार, व्हय ना?"

"व्हय," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला म्हाईत होतं, मला म्हाईत होतं, आन् शेळ्या मेल्या."

आणि मी? माझी अवस्था तुम्हाला कशी सांगू. सगळ्यांना सारखे, एक थेंब इकडे-तिकडे नाही, या एका गोष्टीवर मी जन्मभर मान ताठ ठेवली होती. ज्या दाबाची मला लाज वाटली होती, त्या एकाच दाबाने एक शेळी वाचली. बाकी सगळ्या माझ्या बिनचूक मापाने मेल्या. त्या दिवशी काचेच्या मापात शंभरच्या रेघेवर थांबलेले पाणी मला बघवेना.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या स्कूटरवर औषधाचा खोका बांधून माळावर आले. बायका दूर उभ्या होत्या. डॉक्टरांनी चंद्रीची आणि आजारी शेळीची पापणी शेजारी शेजारी उलटून दाखवली, चंद्रीला चुकून दोनदा कसे गेले तेही सांगितले. हे औषध शेळीला मेंढीच्या जवळजवळ दुप्पट लागते, म्हणाले. पण तो हिशेब या एका औषधाचा. दुसरे एखादे औषध दुप्पट पाजले तर शेळी जागच्या जागी मरेल, म्हणून दर वेळी विचारायला या, हे त्यांनी तीनदा बजावले. बायकांना यकृत कळले की नाही मला ठाऊक नाही, पण पापण्या कळल्या.

दगडाबाईने विचारले, "मंग आमच्या शेळ्या कुनी मारल्या?"

डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले, "एक दाब पाजा म्हणून मीच सांगितलं होतं, बाई. आक्काबाईनं मी सांगितलं तसंच केलं."

साहेबाने असे बोललेले त्या माळावर कुणी ऐकले नव्हते. मग आक्काबाई पुढे आली आणि तिने भंडाऱ्याची वाटी मागितली. मल्हाररावांनी ती आपल्या हाताने आणून घोंगड्यावर ठेवली. आक्काबाईने मूठभर भंडारा उचलला.

"चंद्रीला चुकून दोनदा गेलं," ती म्हणाली. "बाकी समद्यांना मी सारखं पाजलं. सारखं पाजलं हीच चूक झाली. दुसरी कोनची चूक आसंल तर खंडोबा बघून घील."

पिवळा भंडारा तिच्या बोटांतून घोंगड्यावर सांडत होता. दगडाबाई उठून वाघराकडे गेली. मला वाटले, ही आता तोंड फिरवून निघाली. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातात तिच्या उरलेल्या एकुलत्या शेळीचे शिंग होते. शेळीला तिने ओढत आणले, आक्काबाईच्या पुढ्यात उभे केले आणि स्वतःच तिची हनुवटी वर धरली.

"दोनदा पाज," ती म्हणाली.

डॉक्टरांनी होकाराची मान हलवली. आक्काबाईने मला भरले, जबड्याच्या कोपऱ्यातून आत सरकवले आणि दाबले. घोट गिळेपर्यंत थांबली. पुन्हा भरले, पुन्हा दाबले. दोन्ही दाब मी जीव ओतून दिले. त्या दिवशी ज्या शेळ्यांना पाजले त्यांतल्या दोन गेल्याच, उशीर झाला होता. दगडाबाईची मात्र वाचली. सोमवारी वाडा उठला तेव्हा आक्काबाई घोड्याच्या मागे चालत होती, पुढे चंद्री होती आणि मी सामानाच्या गाठोड्यात होते. निघण्याआधी तिने एक खिळा घेऊन माझ्या दांड्यावर दोन रेघा ओढल्या. तिला लिहायला येत नव्हते. आपल्यामागे जी कुणी पाजील तिला कळावे, की या औषधाचे शेळीला दोन दाब.

पुढे बरीच वर्षे मी काम केले. मग मापाचा स्क्रू असलेली प्लॅस्टिकची पिचकारी आली आणि मला पत्र्याच्या खोलीत खिळ्यावर टांगले. पडेगाव वाढत वाढत माळावर आले. मेंढ्या विकल्या गेल्या. मल्हाररावांचा नातू शहरात नोकरीला लागला आणि माळाजवळ त्याने स्लॅबचे घर बांधले. माझा वायसर वाळून तडकला. कोळ्याने माझ्या नळीत जाळे केले. मला त्याचे फार वाईट वाटले नाही, वस्तू म्हातारी झाली की एवढे व्हायचेच. मला सलते ते वेगळेच आहे.

गेल्या दिवाळीला नातसुनेने, सरूने, मला खाली काढले. मुलगी मनाने चांगली आहे. चिंच आणि राख लावून तिने मला घसाघसा घासले, आरशासारखे लख्ख केले आणि टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये ठेवले. पाहुणे येतात, केवढी छान जुनी वस्तू आहे म्हणतात, माझ्यासोबत फोटो काढतात. दांड्यावरच्या रेघा तिला खराबी वाटल्या, म्हणून तिथे तिने जास्त जोर लावला. आता त्या जेमतेम दिसतात. तिच्या अंगणात दोन शेळ्या आहेत. काचेतून मला सगळे दिसते. अजूनही ती त्यांना प्लॅस्टिकच्या पिचकारीने तेच पांढरे औषध पाजते. स्क्रू आहे, आकडे आहेत, सगळे आहे. पण कुणीतरी शेळ्यामेंढ्यांना दहा सांगितले, तिने दहावर लावले. मी काचेआड उभी राहून हे दर खेपेला बघते. यापेक्षा भंगारात गेले असते तर बरे झाले असते, असे मला कधी कधी वाटते.

मागच्या महिन्यात घरात बारसे होते. त्याला आक्काबाई आली. हल्ली ती दुसऱ्या नातेवाइकांकडे असते. आता ती काठी टेकत चालते आणि डोळ्यांनी कमी दिसते. तिने मला शोकेसमधून काढायला लावले, मांडीवर घेतले आणि अंगठ्याने दांडा चाचपला. एकदा चाचपला, पुन्हा चाचपला. मग तिने खिळा मागितला आणि जुन्याच जागी एक रेघ खोल ओढली. सरू म्हणाली, "आजी, एवढी घासलेली वस्तू कशाला खराब करताव?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कारण विचारले होते. आक्काबाईचा चेहरा उजळला. तिने सरूला शेजारी बसवले आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतले. पोळा, पाऊस, मेंढ्या, वाघर. गोष्ट चंद्रीच्या पहिल्या टिळ्यापर्यंत आली आणि सरूचा फोन वाजला. ती बोलत बोलत आत गेली, तिकडे पाहुण्यांचे चहापाणी निघाले आणि ती परत आलीच नाही. आक्काबाईने थोडा वेळ वाट पाहिली, दुसरी रेघ ओढली, मला पदराने पुसले आणि नातेवाईक गाडी घेऊन आले तशी ती निघून गेली.

म्हणून हे सगळे मी तुम्हाला सांगितले. मला घासू नका असे मी म्हणत नाही, पण रेघा राहू द्या. घरात शेळी असो, मांजर असो, कुत्रे असो, माया आली म्हणून आपल्या डब्यातली गोळी त्यांना चारू नका. औषध हातात घ्याल तेव्हा आधी समोर कोण उभे आहे ते बघा, आणि जनावरांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय माप ठरवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी पडेगावला सरूकडे गेलेच, तर तिला चंद्रीच्या दुसऱ्या टिळ्यापासून पुढची गोष्ट सांगा. जरा लवकर जा. तिच्या तांबड्या शेळीच्या हनुवटीखाली कालपासून सूज दिसते आहे.